भेंडवण्याची एकशे सदतीस मांजरं

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भेंडवण्यातल्या एकशे सदतीस मांजरांचे कुत्रे झाले, कारण नगरपंचायतीच्या एक्सेलमध्ये तशी नोंद झाली. नोंद करणारी कुंदा मेस्त्री. डॉक्टरांची मांजर वारली होती आणि त्यांनी कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. जुन्या ओळीतला शब्द बदलेपर्यंत ते पिल्लू म्यावम्याव करत होतं, म्हणून डॉक्टरांची घाई चालली होती. कुंदाने ‘मांजर’ शोधायला घातलं, जागी ‘कुत्रा’ टाकलं आणि गडबडीत ‘सगळे बदला’ दाबलं. मग फाईल सेव्ह करून, बंद करून ती चहाला गेली. बिस्किटंही खाल्ली बिचारीने.

"मग उलटं करून टाका," मुख्याधिकारी म्हणाले.

"साहेब, तसं केलं तर आधीपासूनचे दोनशे चार कुत्रेही मांजरं होतील. त्यात तुमचा शेरू आहे."

साहेब गंभीर झाले. मालकांचं तोंडी सांगणं ग्राह्य धरता येणार नव्हतं. वैतागलेले चार जण आपल्या खऱ्या कुत्र्याचीही मांजर करून घ्यायला टपलेलेच होते. तेव्हा घरोघरी पंचनामा करायचं ठरलं. दोन पंचांसमोर मालकाने जनावराला नावाने तीन हाका मारायच्या. आलं, तर कुत्रा. ऐकूनही आलं नाही, तर मूळचं मांजर. पद्धत बिनचूक होती. बुधवार संध्याकाळपर्यंत एकशे छत्तीस मांजरं आपापल्या ओळीत परत गेली. उरलं एकच.

गुरुवारी दोन पंचांना घेऊन कुंदा पोचली ती खानविलकर तात्यांकडे. तात्या एकटे राहत. लहानपणी कुत्रा चावल्यापासून कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलत. नऊ वर्षं त्यांना सोबत होती ती फक्त चिंगी मांजरीची, आणि चिंगी आता गुडघ्याएवढी, तांबडी, झुबकेदार शेपटीची होऊन स्वयंपाकघरात बसली होती. सोमवारपासून तात्या ओटीवरच जेवत होते.

"कुंदा, माझी मांजर मला दे गो," तात्या म्हणाले.

"माझीच चूक, तात्या. तुम्ही फक्त हाक मारा. ती येणार नाही, मी लगेच लिहिते."

"कसली येते! नऊ वर्षांत एकदा आली नाही. दूध ठेवलं तरी सावकाश, उपकार केल्यासारखी."

पंच ओटीच्या कडेला उभे राहिले. कुंदाने पेन काढलं.

"चिंगे," तात्यांनी हाक मारली. आत सामसूम.

"चिंगे!" एक पंच समाधानाने खाकरला.

"चिंगे गो!" या वेळी तात्यांचा आवाज थोडा कापला.

आत भांडं पडलं. चिंगी धावत उंबरा ओलांडून आली, ओटीवर बसलेल्या तात्यांच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि त्यांचं तोंड चाटू लागली. तात्या भिंतीला चिकटले. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. कुंदाला रडूच यायचं बाकी होतं. नियम तिनेच टाईप केला होता.

"तात्या, पंचांनी पाहिलंच नाही, असं धरू. तुम्ही म्हणाल ते लिहिते."

तात्यांनी एक डोळा उघडला. मग घाबरत घाबरत हात वर केला आणि चिंगीच्या कानामागे ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"आली की गो," ते म्हणाले. "हाकेला आली. कुत्रा लिही."