साळवेकाकांचं धरण

साळवेकाकांच्या घरात दोन कूलर होते. एक काकूंच्या खोलीत आणि दुसरा बॅटरीच्या. काका स्वतः हॉलमध्ये बसून पेपरच्या घडीनं वारा घ्यायचे. पाहुण्यालाही एक पुरवणी मिळायची. आमच्या संभाजीनगरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला ही काय शिक्षा आहे ते कळेल. कुणी फारच घामाघूम झालं तर काका त्याला बॅटरीच्या खोलीच्या दारात उभं करायचे. "इथं थांबा थोडं. आत नका जाऊ, तिला गर्दी सोसत नाय."

बॅटरी म्हणजे भिंतीवर बसवलेली एक करडी पेटी. गच्चीवरच्या सोलरची वीज दिवसभर तिच्यात साठायची आणि लाइट गेली की कामाला यायची. कॉलनीत आणखी दोघातिघांकडे तशी पेटी आहे, पण ती मंडळी बसवून विसरून गेली. काकांचं तसं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी पैठणला, जायकवाडी धरणावर पाण्याची पातळी मोजण्यात गेलेली. रिटायर होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले आणि धरण तिकडंच राहिलं. मग ही पेटी आली आणि काकांना पुन्हा धरण मिळालं.

सकाळी गेटवर भेटले की मी विचारायच्या आत सांगायचे, "साठा सत्तर टक्के. आवक चांगली हाय." ढग आले की आवक घटायची. लाइट गेली की विसर्ग सुरू. पेटीतली वीज अगदी तळाला जाऊ द्यायची नसते, बॅटरी बिघडते. त्या तळाला काका मृतसाठा म्हणायचे. "मृतसाठ्याला हात लावायचा नाय. लावला की पुढल्या साली बोंब."

पावसाळ्यात सगळं शहर जायकवाडी किती भरलं ते वाचून खूश व्हायचं, तेव्हा हा एकटा माणूस आभाळाकडे बघून कपाळाला आठ्या घालायचा. एकदा मी म्हटलं, "काका, धरण भरलं की हो!"

"तुमचं भरलं," ते म्हणाले. "माझं आटलं."

आम्ही सगळे हसायचो. पण ते हसणं फार वेळ टिकायचं नाही, कारण पेटी कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कमलकाकूंची फुप्फुसं कामातून गेली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, आणि नाही सुटला तरी जाते. अशा वेळी काकूंचा श्वास त्या पेटीवर चालायचा.

म्हणून पेटीवर दुसरं काहीही चालवायला बंदी होती. टीव्ही नाही, मिक्सर नाही, हॉलचा पंखासुद्धा नाही. एकदा दुपारी लाइट गेली तेव्हा मी मोबाईल आणि चार्जर घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मी कालवा फोडायला कुदळ घेऊन आल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे पाणी पिण्याला राखीव हाय," ते म्हणाले. "उसाला सुटणार नाय."

आतून काकू हसल्या. हसल्या की त्यांना खोकला यायचा. "लावू द्या की हो तिला. मी काय एवढी पिते?"

"तू बोलू नको. दम लागंल."

मी तशीच परत आले. राग आला होता, खोटं कशाला सांगू.

एका उन्हाळ्यात काकांनी भलताच उद्योग केला. पेटी तापली तर तिचं आयुष्य घटतं, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. लाइट गेली की तिचा कूलरही बंद. मग आपण पाण्याच्या रांजणाला जे करतो तेच त्यांनी केलं. गोणपाट भिजवलं आणि पेटीवर पांघरलं. सोलर बसवणारे शेखभाई तपासणीला आले ते दारातूनच ओरडले, "चाचा! बॅटरी है ये, पानी का मटका नई! अंदर पानी गया तो सब खतम!"

वायरींच्या जोडांवर गंज धरायला लागला होता. शेखभाईंनी तो घासून काढला. तेवढा वेळ काका भिंतीला टेकून उभे होते. शेखभाई गेल्यावर मला म्हणाले, "म्या माझ्या हातानं मारली असती कमलला."

काकू या फेब्रुवारीत गेल्या. लाइट होती, मशीन चालू होतं, पेटी भरलेली होती. कशाचीच चूक नव्हती. पुण्यानुमोदनाला शेखभाई आले होते. जाताना ते हळूच म्हणाले, "चाचा, बॅटरी फुल भरके मत छोडो. पडी पडी खराब होती. रोज थोडा लोड डालो." काकांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर काकांनी साठा सांगणं बंद केलं. गेटवर दिसायचे, "बरं हाय का" म्हणायचे आणि आत जायचे. मुलगा पुण्याला न्यायला आला, पण गेले नाहीत. मला त्यांची फार काळजी वाटायची, आणि त्यांच्या घरी जायची भीतीही वाटायची.

मागच्या महिन्यात एका दुपारी लाइट गेली. वाटीभर भाजी द्यायचं निमित्त करून मी गेले. हॉलच्या खिडक्या बंद, आत भट्टी झालेली. काका घामानं भिजलेल्या बनियनवर खुर्चीत बसले होते. काकूंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि आत रिकाम्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. फुस्स करायचं, थांबायचं, परत फुस्स करायचं. नळी उशीवर नीट ठेवलेली होती.

मी वाटी हातात घेऊन तिथंच उभी राहिले.

"शेखभाईनं सांगितलंय ना," काका म्हणाले, "रोज थोडा लोड टाकायला."

"मग पंखा लावा की काका. त्याचाही लोडच पडेल. असे उकाड्यात काय बसलात?"

त्यांनी खोलीकडे पाहिलं आणि लहान मुलीला समजावावं तसं मला म्हणाले, "पंखा लई आवाज करतो, पोरी. मशीनचा मग ऐकू येत नाय."

मी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या समोर बसले. लाइट येईपर्यंत आम्ही दोघं ते ऐकत राहिलो.