खारूचा तक्ता

मुलांना काय काय येतं याचा बालवाडीतून आलेला तक्ता आठवडाभर सहज निरीक्षण करून भरायचा होता. बाबाने तो शेवटच्या दुपारी, गॅसवर दूध तापत ठेवून, एका बैठकीत भरायला घेतला. बाबा इमारतींच्या लिफ्ट तपासायचा. त्याच्या कामात एक फुली पडली की लिफ्ट बंद.

"खारू, तुझं पूर्ण नाव काय?"

सव्वातीन वर्षांची खारू टेबलाखालून म्हणाली, "तुला माहितीये की."

फुली.

"हा रंग कोणता?"

"तू सांग."

फुली. मनोरा रचायला तिने साफ नकार दिला. ठोकळे झोपलेत म्हणे. नवव्या फुलीला बाबाने हॉस्पिटलात ड्यूटीवर असलेल्या बायकोला फोन लावला.

"अगं, आपल्या पोरीला काहीच येत नाहीये!"

"सकाळी तर माझ्याशी तासभर भांडली. परीक्षा कसली घेतोस? खेळू दे तिला. ठेवते, पेशंट आलाय."

बाबाने तक्ता पुन्हा पुढे ओढला. पुढचा प्रश्न होता : एका पायावर उडी मारता येते का?

"बघ, अश्शी!" म्हणत बाबाने उडी मारली, ती नेमकी एका झोपलेल्या ठोकळ्यावर.

कडकन आवाज झाला आणि बाबा टेबल नि कपाटाच्या मधे आडवा. घोटा हलवताच डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोन टेबलावर, दाराला आतून कडी, आणि घरात मोठं माणूस म्हणावं तर तो एकटाच.

"खारू," पोर घाबरू नये म्हणून तो हसला. "स्वयंपाकघरात जायचं नाही हं."

"ठाऊकै. भाजतं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. उशी आणून डोक्याखाली सरकवली. मग स्टूल ओढत दाराकडे निघाली.

"नको! पडशील!"

स्टूल डुगडुगलं. खारूने स्टूल भिंतीला टेकवलं, हाताने हलवून पाहिलं आणि मगच वर चढली. कडी निघाली. तोवर करपल्याचा वास घरभर झाला होता.

जिन्यातून आवाज घुमला, "शिंपीकाका! बाबा पडलाय! आणि दूध उतू चाललंय, आधी ते बंद करा!"

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका गळ्यात टेप तसाच घेऊन धावत आले. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग बाबाला उचललं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टरातला पाय सांभाळत बाबा बालवाडीच्या ताईंसमोर बसला. त्याने तक्ता पुढे केला.

"तिला... काढून टाकणार का?"

ताईंनी तक्ता न वाचताच बाजूला ठेवला. "काल काय झालं ते सांगा."

तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. "स्टूल हलवून पाहिलं? कुणी न सांगता?"

"हो."

"हे तुमच्या फुल्यांत कुठे दिसणार होतं?" ताईंनी पेन खाली ठेवलं. "एक काळजीची गोष्ट आहे मात्र."

"बोला."

"सकाळपासून माझ्या मागे लागलीये. बाबाला पण इथे बसवून घ्या म्हणते, घरी त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. मी म्हटलं, अगं, त्यांचं वय जास्त आहे."

"मग?"

"म्हणाली, असू दे. हळूहळू शिकेल तो."