पहिल्या गॅसचा मान

“यंदा दिवाळीचा चहा मी डाळमिलच्या टरफलांवर करून दाखवीन!”

हे वाक्य मीच बोललो. मी, म्हणजे मधुसूदन, दारव्ह्याच्या वाचनालयातला निवृत्त ग्रंथपाल. नोकरीत असताना “शांतता राखा” हेसुद्धा मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पाटीकडे बोट दाखवलं. त्यामुळे घरात सगळे दचकले. सगळ्यांत जास्त मी.

प्रभावतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, शांतपणे अट घातली. “अहो, परसात गोबरगॅसची टाकी बसवा. पण आपला मंदार दिवाळीला येतोय. त्याला तिथे गाडीसाठी शेड टाकायचंय. त्या दिवशी चहा झाला तर टाकी राहील. नाही झाला तर शेड.”

आयुष्यात मी हाताने करणार होतो अशी ही पहिलीच वस्तू. ती जाईल या विचाराने मला तेव्हापासूनच झोप येईना.

टाकी बसली. वर पालथा ड्रम. गॅस साठला की तो ड्रम वर उचलतो. जवळच्या तांड्यावरचे शंकरसिंग राठोड आणि त्यांच्या पत्नी जमनाबाई सुरुवातीला शेण आणून देत. मग डाळमिलची टरफलं, सोयाबीनचं कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, बाजार उठल्यावरचा सडका भाजीपाला. मी सगळं भिजवून, ढवळून, वेळेवर घालत होतो. बागेतल्या रोपाला जपावं तसं. फरक वासाचा.

तीन आठवड्यांनी ड्रम हातभर वर आला!

माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं : “पहिल्यांदा साठलेला वायू जळत नाही. तो सोडून द्यावा.” मी त्याखाली दोनदा रेघ मारली होती. तसं चाचरत बोललोही.

“सोडून द्यावा?” शंकरसिंग उडालेच. “काकाजी, म्हैस व्याली तर पयला चीक गटारात ओतता काय? खरवस करून वाटता ना?”

“पयलं ते देवाचं,” जमनाबाई म्हणाल्या. “फेकाले कोणी सांगतलं तुमाले?”

“पुस्तकात...”

“पुस्तकवाल्याच्या घरी म्हैस होती काय?”

मला वाटलं, छापणाऱ्याचीच चूक असेल. चार माणसं एक म्हणत असली की मला छापील अक्षरही डगमगताना दिसतं.

मग काय, मुहूर्त निघाला! शेगडी परसात आणली. हळदकुंकू, नारळ. प्रभावतीने शेगडीला खेटून निरांजन ठेवलं. आळीतली वीस माणसं जमली. मी चावी फिरवली. फुस्स!

काडी लावली, विझली. दुसरी विझली. शंकरसिंगांनी आपली काडेपेटी काढली, तीही संपली. मग गॅसने उरलेल्या जोरात निरांजनच विझवलं. पाठोपाठ उदबत्तीही.

शांतता. वाचनालयात कधी मिळाली नाही इतकी.

“देवाचा दिवा इझवला माय!” जमनाबाईंनी कानाला हात लावले.

“काकाजी,” शंकरसिंग गंभीरपणे म्हणाले, “हा गॅस नोहे. हे फुंकर आहे.”

संध्याकाळपर्यंत दारव्हाभर बोभाटा झाला की, ग्रंथपाल सरांनी आग विझवणारी शेगडी काढली आहे. बसंतीबाई, आमच्या शेजारीण, आपल्या पाहुण्यांना ती दाखवायला घेऊन आल्या. एकाने सुचवलं, “नगरपालिकेच्या आगीच्या बंबाले देऊन टाका ना!”

दिवाळीला चार दिवस उरले होते. शेवटी मी प्रभावतीला पुस्तिकेतली ती ओळ दाखवली.

“दोनदा रेघ मारलीत?” ती म्हणाली. “मग त्या दिवशी गप्प काहून बसलात?”

“म्हटलं, मीच चुकत असेन.”

तिने कपाळावर हात मारला आणि गॅस सोडायला परवानगी दिली. मी भर दुपारी, आळी झोपलेली असताना, हळूच चावी उघडली. अर्ध्या तासात बसंतीबाईंनी आपल्या संडासाची टाकी उपसायची गाडी बोलावली! गाडीवाला तासभर वाकून पाहत होता आणि सांगत होता, “बाई, टाकी तर अर्धीबी भरली नाही!” मला खरं सांगायचं होतं. दारापर्यंत गेलोही. तिथून परत आलो.

मंदार आला तोवर ड्रम पुन्हा वर चढला होता. त्याने पिशवीतून आधी मोजपट्टी काढली, मग मिठाई.

मी काडी लावली. कडक ऊन होतं. काहीच दिसेना.

“बाबा, राहू द्या आता,” मंदार प्रेमाने म्हणाला. “पेटलंच नाही,” असं म्हणत तो वाकला आणि ओरडत सरळ झाला. त्याची डावी भुवई अर्धी उरली होती. बायोगॅसची ज्योत उन्हात दिसत नाही.

“पेटलं!” मी ओरडलो. मुलगा भाजला असताना बापाने इतकं आनंदात ओरडू नये, हे नंतर लक्षात आलं.

तांड्यावरची मंडळीही टाळ्या वाजवत होती. प्रभावती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

“करा,” ती म्हणाली.

“काय?”

“चहा. ‘मी करून दाखवीन’ म्हणाला होतात.”

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. चहा कसा होतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. विचारायला लाज वाटली. आधी दूध की आधी पत्ती? शेवटी अंदाजाने सगळं एकदम घातलं आणि नीट ढवळलं. ढवळण्याचा मला सराव होता.

मंदार एक घोट प्यायला. कप हळूच ड्रमशेजारी ठेवला.

“बाबा,” तो म्हणाला, “गॅस छान आहे.”

टाकी राहिली. शेड पुढच्या बाजूला झालं. आता गॅस माझा म्हणून सकाळचा चहाही माझाच, असं प्रभावतीने ठरवलंय. ती आठला उठते. शंकरसिंग सहाला शेणाची पाटी घेऊन येतात, तेव्हा मी आग्रहाने त्यांच्यापुढे कप धरतो.

“नाही काकाजी,” ते पाटी ठेवून दोन पावलं मागे सरतात, “डॉक्टरनं मना केलं आहे.”