तांडेलचं कुलूप

जयवंत तांडेलने आमच्या अख्ख्या ऑफिसला एकदा भरदुपारी हात वर करून बसवलं होतं. धाड पडल्यासारखं. सगळ्यांच्या फायली जुन्या सर्व्हरवरून नव्यावर जात होत्या, तेवढ्यात कुणी जुन्यावर चार ओळी लिहिल्या तर त्या गायब होतील, म्हणून! "हात काढा रे! कीबोर्डवर बोट दिसलं तर तोडीन!" चहावाले काका ट्रे घेऊन आत आले, तर त्यांच्यावरही तोच ओरडा. बिचारे ट्रे डोक्यावर घेऊन उभे राहिले. काकांचा आणि सर्व्हरचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी विचारलं. "तू गप गं," म्हणाला. असा राग आला ना मला!

हा तांडेल अंधेरीतल्या आमच्या कंपनीत माझ्या शेजारी बसतो. मढचा कोळी. रोज सकाळी खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरतो आणि तिथून आमच्या डोक्यावर येऊन बसतो. तो कोड लिहितो, मी त्यातल्या चुका काढते, त्यामुळे भांडायला वेगळं निमित्त लागत नाही. जेवतानाही सुख नाही. मी एकदा एका डब्यातलं वरण दुसऱ्यात ओतत होते, निशांतने मधेच चमचा घातला. निशांत आमचा मॅनेजर, पण तांडेल त्याच्यावरही खेकसला, "आधी ओतून होऊ दे! मधेच घेतलंस ते कुठल्या डब्यातलं? सांग ना!" वरणाचा हिशोब मागणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही.

पण खरा भडका उडाला तो त्याच्या कुलपावरून. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक कारभारी असतो. मेमरीतली पानं तो गरजेप्रमाणे इकडून तिकडे हलवतो, आणि तेही काम चालू असताना. पान कॉपी होत असताना कुणी जुन्या पानावर काही लिहिलं, की ते नव्यावर येतच नाही. मग जुनं पान पुसलं जातं आणि लिहिलेलं गेलं ते गेलं. कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तांडेलने कुलूप घातलं होतं: पान हलतंय तोवर लिहिणाऱ्याने थांबायचं, पान नीट पोचलं की कुलूप उघडायचं.

निशांतला ते थांबणं नको होतं. सॉफ्टवेअर हॉस्पिटलांच्या सर्व्हरवर जायचं होतं आणि त्याला वेग दाखवायचा होता. "कुलूप काढ. टेस्ट पास झाल्यात ना?"

झाल्या होत्या. मीच केल्या होत्या, कुलूप काढून. एकही चूक सापडली नव्हती.

तांडेल सगळ्यांसमोर माझ्यावर घसरला. "तू टेस्ट केलीस? तू नुसतं नशीब बघितलंस! नेमक्या त्या क्षणी कुणी लिहिलं नाही, एवढंच!" मग निशांतकडे वळला. "मला काढ, कुलूप काढणार नाही." बॅग उचलली आणि गेला. दोन दिवस फोनही उचलला नाही. आमच्याकडे दोघांचा होकार लागतो, त्याचा आणि माझा. माझा देऊन झाला होता. निशांत म्हणाला, "त्याला समजाव. नाहीतर सोमवारी त्याला घरी बसवतो आणि दुसऱ्या कुणाची तरी सही घेतो."

रविवारी मी मढला गेले. समजवायला कसली, चांगली झाडायलाच गेले होते. दारात त्याची आई जवळ्याची बारीक सुकट निवडत बसली होती.

"बस गो. जया बाजारान गेलाय, येल. भांडाय आयलीस ना?"

"हो!" मी म्हटलं. "तुमचा मुलगा कुणाला काही हलवू म्हणून देत नाही. साधं पान इकडचं तिकडे करायचं तर आकांत करतो. नोकरी जाईल त्याची!"

तिचे हात थांबले.

"त्याचा मोठा भाव व्हता," ती म्हणाली. "दर्यान दोन होऱ्या जवल आयल्या. जाली वढाया मानूस कमी, म्हनून यो या होरीतशी त्या होरीन गेला. या होरीला वाटला, तो तिकरं पोचला. त्या होरीला वाटला, आयलाच नाय, इकरंच हाय. सांजंला दोनी होऱ्या बंदराला लागल्या. तवा कललं, यो कंच्याच होरीन नाय." तिने जवळ्यातला कचरा फुंकला. "जया बारका व्हता. दोनी होऱ्यांन चढून जाल्यांखाली बघत व्हता. उतरंच ना."

एवढा राग घेऊन आले होते, आता तो कुणावर काढायचा तेच कळेना.

तेवढ्यात स्वारी आली. "तुला कुणी बोलावलं? आता आलीयेस तर जेवून जा!" जेवायचं आमंत्रणसुद्धा धमकीसारखं. मी मुकाट्याने जेवले. कुलपाचा विषय काढलाच नाही. तो मला सोडायला जेटीवर आला, तर निशांतचा फोन.

"झालं का काम?"

"नाही झालं, आणि होणारही नाही," मी म्हटलं. "मीपण माझा होकार मागे घेतेय. पेशंटचं औषध बदललेलं कुणी लिहिलं आणि ते मधल्यामधे गडप झालं, तर त्याच्या घरी तू जाऊन सांगणार आहेस का रे? आम्हाला दोघांनाही काढ, जा!" माझा आवाज इतका चढला, की फेरीबोटीतली माणसं वळून बघायला लागली.

बोट लाटांवर वर-खाली होत होती. चढताना तांडेलने माझा हात धरला. मी एक पाय आत टाकला, दुसराही टाकला, पण याची पकड सैल होईना. मागे बोटीत गाडी चढवायला थांबलेला मोटरसायकलवाला हॉर्न वाजवायला लागला. "अरे, आले मी आत, सोड की!" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटवाल्याकडे टक लावून उभा.

बोटवाला बहुतेक त्याला लहानपणापासून ओळखत असावा. तो हातातलं काम टाकून माझ्यापाशी आला, माझं दुसरं मनगट घट्ट धरलं आणि धक्क्याकडे बघून ओरडला, "घेतली रं जया, घेतली!"

तेव्हा कुठे तांडेलने हात सोडला.