भेटीचा रविवार

एस्तेरमावशी कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नाही. ती विचारते, "पोर काय म्हणतंय?" भाजीबाजारात विचारते, मयताच्या घरी विचारते. माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी, मला स्ट्रेचरवरून आत नेत असताना ही बया दारात आडवी आली आणि म्हणाली, "दाविद, पोर काय म्हणतंय?" माझी स्वतःची दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला आहेत, पण त्यांच्याशी तिला काही देणंघेणं नाही. पोर म्हणजे सलोमी.

सलोमी आमच्या चर्चच्या बोर्डिंगमध्ये सातवीत शिकते. जेऊरकडची, आईबाप दोन्ही नाहीत. तिथल्या अशा प्रत्येक मुलामागे मंडळीतला एक 'पालक' असतो. मुलाची फी, वह्या-पुस्तकं, पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, परीक्षेचा खर्च त्यानं उचलायचा. हे पालक शोधायचं काम मावशीकडे. ती सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स. लग्न केलं नाही, आमच्या गल्लीच्या टोकाला एकटी राहते, आणि माणूस हेरण्यात पटाईत. मला तिनं उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर गाठलं. एक चप्पल माझ्या पायात आणि दुसरी तिच्या हातात, अशा अवस्थेत मी हो म्हणालो.

मला वाटलं, पैसे भरले की आपण मोकळे. कसले मोकळे! पहिल्याच महिन्यात मावशी घरी आली आणि म्हणाली, "या आठवड्याचं वचन म्हण." शब्बाथशाळेत मुलं दर आठवड्याला शास्त्रातलं एक वचन पाठ करतात.

"ते सलोमीनं पाठ करायचं ना?" मी म्हणालो.

"आणि ती चुकली तर तुला कळणार कसं?"

तेव्हापासून साठीला टेकलेला मी दाढी करताना वचनं घोकतो. बायको हसते. तिची आधीच पाठ असतात.

मध्ये एका बड्या कंत्राटदारानं एकदम पाच मुलं घ्यायची तयारी दाखवली. चर्चचे पाळकसाहेब हरखले. मावशीनं विचारलं, "पाचांची नावं ध्यानात ऱ्हातील का?" तो म्हणाला, ते सगळं आमचा मॅनेजर बघेल. "मग मॅनेजरला पाठवा," मावशी म्हणाली, "त्याला एक पोर देते." पाळकसाहेब तिच्याशी किती तरी दिवस बोलले नाहीत. मलाही वाटलं, हे अति झालं. घरात आलेली लक्ष्मी कुणी अशी हाकलतं का?

पण खरा छळ भेटीच्या रविवारचा. महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी बोर्डिंगचं फाटक उघडतं. ज्याचं माणूस येईल त्याचं नाव शिपाई मोठ्यानं पुकारतो. मूल धावत येतं, झाडाखाली बसून घरचं खातं. पाचला घंटा झाली की भेट संपली. त्या दिवशी पालकानं स्वतः जायचं, हा मावशीचा कायदा. एकदा ताप होता म्हणून मी रिक्षावाल्याबरोबर डबा पाठवला, तर तो तिनं तसाच माझ्या घरी परत आणला.

गेल्या महिन्यात भेटीच्या आदल्या दिवशी पुण्यात मेहुणीच्या मुलीचं लग्न होतं. रविवारी सकाळीच आम्ही दोघं एसटीनं सोलापूरला परत निघालो, तर गाडी टेंभुर्णीच्या पुढे बंद पडली. मी फोन लावला. "मावशी, आज काही जमत नाही. सलोमीला सांगा."

"कुटं हायस?"

"टेंभुर्णीच्या पुढं."

"मग ये की." फोन बंद.

त्यानंतर रस्त्यावर उभं राहून मी जे बोललो ते मंडळीत सांगण्यासारखं नाही.

जीप बदलत सोलापुरात पोचेपर्यंत सहा वाजून गेले. तरी बायको म्हणाली, बघून तरी येऊ. बघतो तर फाटक उघडं! आत नुसता गोंधळ. मेट्रन कपाळाला हात लावून उभी, स्वयंपाकीण खिचडी गार झाली म्हणून ओरडतेय, आणि टांगलेल्या घंटेखाली स्टूल टाकून एस्तेरमावशी बसलेली. घंटेची लोखंडी हातोडी तिच्या मांडीवर, तिच्यावर दोन्ही हात.

"कवाची देत न्हाय बघा," शिपाई रडकुंडीला आला होता. "दगडानं वाजवतो म्हणलं, तर अंगावर आली."

मावशीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आलास? पुकार रे आता."

शिपायानं सलोमीचं नाव पुकारलं. कोपऱ्यातल्या पायरीवरून पोरगी उठली, आणि काय धावली! बायकोनं लग्नातले लाडू काढले. दोघी झाडाखाली बसल्या.

माझा राग मात्र उतरला नव्हता. "मावशी, एक महिना चुकला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला बी पालक होती की. ह्याच बोर्डिंगात. परदेशातली बाई, लई चांगली. फी कदी चुकली न्हाय तिची. नाताळाला फ्रॉक यायचा."

"मग?"

"मग काय. भेटीच्या रविवारी मी वेणी घालून बसायची. परदेश किती लांब असतं, हे कुणी सांगितलंच न्हवतं मला. घंटा होईस्तोवर वाटायचं, येईल."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

शिपायानं हात पुढे केला. "आता तरी दे की, आजी."

"थांब जरा," मावशीनं हातोडी पदराखाली घेतली. "पोरगी बोलतीया."