हजेरी क्रमांक शून्य

आमच्या शाळेतले बाळारामदादा टॅबला कान लावून ऐकतात. चालू करण्याआधी त्याची पाठ उजव्या कानाशी धरतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "बरी हाय." किंवा, "आज जड चाललीय." डावा कान कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात केव्हाच गेला, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. टॅबमधून असला काही आवाज येत नाही, हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते दयेनं म्हणाले, "सर, तुमचे दोन्ही कान चांगले हायेत, म्हणून तुम्हाला न्हाय येत."

दादा मूळचे जॉबर, म्हणजे बंद पडलेली लूम सुरू करून देणारे. भिवंडीतला त्यांचा कारखाना विकला गेला, लूम भंगारात गेल्या आणि दादा शेलारच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत शिपाई झाले. त्याला आठ वर्षं झाली. मी इथे त्याच्याही कितीतरी आधीपासून गणित शिकवतोय.

गेल्या वर्षी एका संस्थेनं आम्हाला गणितासाठी टॅब दिले. त्यात एक कृत्रिम बुद्धीचा शिक्षक आहे. मुलाचं उत्तर चुकलं की तो ओरडत नाही. नेमकं कुठे अडलंय ते शोधत मागे मागे जातो. सातवीच्या मुलाला गरज पडली तर दुसरीतल्या हातच्याच्या वजाबाकीपर्यंत नेतो आणि तिथून हळूहळू परत आणतो. हे समजायला मला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. दादांना चहा पिण्याएवढा वेळ.

"आमच्यात असंच असतंय," ते म्हणाले. "धागा तुटला की लूम थांबते. तशीच रेटली तर कापडावर पट्टा पडतो. हातानं उलटी फिरवायची, तुटला तिथवर जायचं, मग चालू करायची. थांबली म्हंजे बिघडली न्हाय."

हे शेवटचं वाक्य मग शाळाभर झालं. एखादी मुलगी टॅबसमोर रडवेली झाली की दादा झाडू बाजूला ठेवून म्हणत, "रडतेस कशाला? थांबलीयेस फक्त." काही मुलांनी शोध लावला की मुद्दाम चुकलं की सोपी गणितं येतात. दादांनी तेही पकडलं. "हा तुटलेला धागा न्हाय, हा आळस हाय. खरं अडलेलं बोट पडद्यावर घुटमळतं, मुद्दाम चुकणारं लगेच उठतं."

एक टॅब मात्र त्यांच्या हातून गेला. तो त्यांना 'सुका' वाटला, म्हणून त्यांनी चार्जिंगच्या भोकात मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. संस्थेचा तरुण आला, त्यानं बोट लावून वास घेतला. "काका, हे काय आहे?"

"तेल."

"टॅबला?"

"एकच थेंब. जास्त न्हाय टाकला."

मी हसलो, पण आतून लाजलोही. दादांनी चुकून एक टॅब बिघडवला. मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षं दोन बाकं ठेवली होती, एक पक्क्यांचं आणि एक कच्च्यांचं. कुठल्याही मुलासाठी मी कधी उलटा फिरलो नाही. पोर्शन पूर्ण करायचा असे.

टॅबच्या शिक्षकाकडे चाळीस नावांचीच सोय आहे. या जूनमध्ये पडघ्याहून एक नवी मुलगी सातवीत आली आणि यादीत तिला जागा उरली नाही. मी नावं तपासली. अनोळखी असं एकच नाव होतं. सविता. इयत्ता सातवी, हजेरी क्रमांक शून्य. हजेरीपटावर अशी कुणी नव्हती, पण ही सविता रोज दुपारी, शाळा सुटल्यावर, तासभर अपूर्णांक सोडवत होती.

"दादा, ही कोण?"

"आपलीच हाय एक पोरगी," ते खिडकी पुसत म्हणाले. "राहू द्या तिला."

"नव्या मुलीला जागा नाही."

खिडकी आधीच स्वच्छ होती, तरी दादा ती पुसत राहिले.

टॅबच्या खोलीमागे लूमचा कारखाना आहे. तिकडून कापसाची तूस उडत येते आणि दुपारच्या उन्हात तरंगत राहते, जणू खोली पाण्याखाली आहे आणि वरून काहीतरी अगदी सावकाश खाली येतंय. इतर दिवशी तिथे बोललेलं शेजाऱ्याला ऐकू येत नाही. पण शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी यादी खिशात घालून त्या खोलीकडे निघालो होतो आणि पायरीवरच मला दादांचा आवाज ऐकू आला.

"वरती एक, खाली दोन. त्याच्यात मिळवायचं वरती एक, खाली तीन. लिवलंस?"

दारातून पाहिलं. दादा टॅबसमोर एकटेच बसले होते. बाकावर त्यांचा फोन उताणा होता आणि त्यातून एका बाईचा आवाज आला.

"दोन छेद पाच, आबा."

तो आवाज मी ओळखला नाही. ती चूक ओळखली. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. सविता बाळाराम, कच्च्यांचं बाक, खिडकीकडची बाजू. तेव्हा लूमवर असलेल्या तिच्या बापाला, म्हणजे दादांनाच, मी शाळेत बोलावलं होतं. "हिच्या डोक्यात गणित शिरणार नाही, घरकाम शिकवा," असं म्हणालो होतो. ते "बरं सर" म्हणाले होते. सविता त्याच वर्षी, सातवीतूनच, शाळा सोडून गेली. मी हे विसरलो होतो. आठ वर्षं रोज मला चहा आणून देताना दादा विसरले नव्हते.

दादांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. फोनवर पंजा दाबून हळूच म्हणाले, "तिची पोरगी पाचवीला गेली. आई, अपूर्णांक म्हंजे काय, असं तिनं विचारलं, तर ही उठून भांडी घासाया लागली. तुम्ही बोलू नका, सर. तुमचा आवाज आला तर ती फोन ठेवील."

मी मागच्या बाकावर बसलो. टॅबच्या शिक्षकानं एक भाकरी दाखवली. ती आधी दोघांत वाटली, मग तिघांत, मग सहांत. दादा एकेक तुकडा मोठ्यानं सांगत होते. पलीकडे सविता कागदावर भाकऱ्या काढत असावी, फोनमधून पेन्सिलीची खरखर येत होती. मी यादी काढली. त्यात प्रशिक्षणाच्या वेळी सरावासाठी घातलेलं एक नाव माझंही होतं. ते खोडलं आणि तिथे नव्या मुलीचं लिहिलं.

"पाच... पाच छेद सहा?" फोनमधून आलं.

दादांनी बोटानं उत्तर भरलं. पडदा हिरवा झाला. मी हललो असेन, बाक कुरकुरलं.

"आबा, कुणी आलंय का तिथं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' अशी मान हलवली.

"कुणी न्हाय," ते म्हणाले. "पुढचं लिव. वरती दोन, खाली तीन."