टेबलाच्या पायाखालची हार्ड डिस्क

"अहो, दिवा तर लागतोय!" काकू म्हणाल्या.

"दिव्याला काय करू? फोटो हवेत मला, फोटो!" अण्णा लॅपटॉपवर खेकसले.

सकाळचे अकरा वाजले होते आणि संध्याकाळी पाचला ताईंच्या घरी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. ताई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अण्णांना ताईंनीच वाढवलं. आईचा एक फोटोसुद्धा घरात उरला नव्हता. अण्णांनी तीन वर्षं नातेवाइकांचे उंबरठे झिजवले, जुने फोटो स्कॅन करून परत केले, आणि त्या ढिगाऱ्यात चक्क आई सापडली. मांडीवर छोट्या ताई. ताईंना याचा पत्ता नव्हता. आज तो फोटो प्रोजेक्टर लावून भिंतीवर मोठा करून दाखवायचा होता. आणि सगळे फोटो होते एका हार्ड डिस्कमध्ये, जिला लॅपटॉप ओळखच द्यायला तयार नव्हता.

अण्णांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक त्यांना दहा फुटांवरून दिसे. ही हार्ड डिस्क मात्र त्यांनाही दिसत नव्हती, कारण ती काकूंच्या कव्हरात होती. काकूंच्या घरात रिमोटला कव्हर, फ्रीजच्या मुठीला कव्हर, आणि कव्हरं ठेवायच्या पिशवीलाही कव्हर. गेल्या रविवारी पडद्याचं कापड उरलं, म्हणून हार्ड डिस्कला आणि पॉवर बँकेला एकाच मापाची जाड, दुहेरी कव्हरं झाली. धूळ जायला नको म्हणून चारी बाजूंनी शिवून टाकलेली, वायरीपुरतं भोक. पॉवर बँक सोमवारी कौतुकानं जावयाला दिली.

अण्णांनी वायर बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला, भोकात फुंकर मारली. शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कव्हर चाचपलं आणि हळूच विचारलं, "अण्णा, शिवण उसवू का?"

अण्णांनी त्याला बाजूला ओढलं. "वेडा आहेस का? गेल्या वर्षी पंखेवाल्यानं कव्हर फाडलं, तर आठ दिवस अबोला! पंखेवाल्याशी नव्हे, माझ्याशी!"

दुरुस्तीवाला मुकाट्यानं कामाला लागला. थोड्या वेळानं तो ओरडला, "मघाशी कापडाआडून दोन दिवे दिसत होते, आता तीन! सुधारतेय, अण्णा!"

"मग फोटो?"

"फोटो नाहीत. आणि लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरतेय. व्हायरस असणार. डिस्क लॅपटॉपला पिऊन टाकतेय बघा."

एकच्या सुमाराला अण्णांच्या डोक्यात मुद्रितशोधक जागा झाला. "अगं, दोन्ही कव्हरं सारखीच. जावईबापूंना डिस्क तर नाही ना दिलीस?"

काकूंनी तडक फोन लावला. "जावईबापू, पॉवर बँक चालते ना हो?"

"एकदम छान, आई! फोन लगेच फुल्ल होतो."

जावई स्वभावानं असा, की सासुरवाडीच्या खुर्चीचा खिळा टोचला तरी 'मऊ आहे' म्हणेल. पण हे त्या घडीला कुणाला सुचणार? अण्णांची शंका मिटली आणि आणखी अडीच तास पाण्यात गेले.

साडेतीनला चौथा दिवा लागला, दुरुस्तीवाल्यानं हात टेकले आणि अण्णा खुर्चीत बसले. "माझ्या फीसाठी ताईनं स्वतःची शाळा सोडली गं," ते म्हणाले. "आणि मला तिला एक फोटो दाखवता येऊ नये!" त्यांचे डोळे भरून आले.

काकू उठल्या. कात्री आणली आणि स्वतःच्या हातानं शिवण टराटरा उसवली. "जळो मेलं कव्हर! सासूबाईंना मी तरी कुठं पाहिलंय?"

आतून पॉवर बँक निघाली. टम्म भरलेली.

"म्हणजे सकाळपासून आपण हिलाच चार्ज करत होतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

या वेळी फोन अण्णांनी लावला. "जावईबापू, तुम्हाला माझी शप्पथ. फोन चार्ज होतो?"

"नाही हो. एक टक्कासुद्धा नाही. पण आईंनी एवढ्या प्रेमानं दिली, म्हटलं कशाला..."

"आता कुठंय ती?"

"ऑफिसात. माझं टेबल डुगडुगत होतं. पायाखाली सरकवलीय."

"अहो, त्यात माझी आई आहे!" अण्णा किंचाळले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना जावई घामाघूम होऊन ताईंकडे पोचला. कव्हरावर टेबलाच्या पायाचा खोल वण होता, पण आत डिस्कवर ओरखडा नव्हता. दुहेरी कापडानं सगळा भार सोसला होता. वायर जोडली, आणि लॅपटॉपनं पहिल्याच झटक्यात ओळख दिली.

भिंतीवर आई आली. ताई काठी टेकत उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि आईच्या गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझं नाक तिचं आहे रे," एवढंच म्हणाल्या. अण्णा लहान मुलासारखे रडले. दुरुस्तीवालाही रडला, आणि त्याला तर वाढदिवसाला कुणी बोलावलंही नव्हतं.

काकूंनी डोळे पुसले आणि जावयाकडे वळल्या. "आज खरं बोलायचा दिवस आहे. मी शिवलेलं हेल्मेटचं कव्हर कसं आहे?"

"आई, ते... डोळ्यांवर येतं."

"अगंबाई! चार वर्षं आंधळेपणानं गाडी चालवताय? सांगायचं नाही का?" काकूंनी कपाळावर हात मारला, आणि मग हळूहळू मान अण्णांकडे वळवली. "आणि तुम्ही हो? छत्तीस वर्षं झाली. तुम्हाला तरी आवडतात ना माझी कव्हरं?"

अण्णांनी झटकन बटण दाबलं.

"ताई," ते म्हणाले, "हा पुढचा फोटो बघ."